दक्षिणेच्या भिंतीलगतची केळ

कॅनबेराचा ऑगस्ट मला बघवत नाही. जून-जुलै निदान सरळ असतात. थंडी म्हणजे थंडी. सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा थर, संध्याकाळी पाचलाच अंधार, माणूस जाड जॅकेट चढवतो आणि गप्प बसतो. ऑगस्ट लबाड आहे. चार दिवस असं गोड ऊन पाडतो की लोक अर्ध्या बाह्यांवर येतात, वॅटलची झाडं पिवळीधमक होतात, गल्लीतला प्रत्येक जण फावडं घेऊन बाहेर पडतो. आणि पाचव्या दिवशी पहाटे हाच महिना केसाने गळा कापतो. दर वर्षी कापतो, आणि दर वर्षी हेच लोक पुन्हा फावडं घेऊन बाहेर पडतात, याचाही मला वीट आला आहे.

त्यात तो वास. या दिवसांत सगळी गल्ली खत घालायला बसलेली असते. कोंबडीची विष्ठा, मेंढीच्या लेंड्या, आणि 'ब्लड अँड बोन' नावाची वाळवलेल्या रक्ताची नि हाडांची पूड. इथली सभ्य माणसं रविवारी सकाळी एका हातात कॉफीचा मग धरून दुसऱ्या हाताने ही पूड गुलाबाच्या मुळाशी भुरभुरवतात. थंडीत वास दबून असतो. ऊन पडलं की उठतो आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात येतो. मी खिडक्या लावून घेते आणि वर मेणबत्ती पेटवते, तर मग मेणबत्तीच्या लव्हेंडरमध्ये रक्त मिसळल्यासारखं वाटायला लागतं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त, लघवी, थुंकी हाताळते आणि दुपारी डबा चवीने खाते. तिथे हातमोजे असतात, झाकणं असतात, प्रत्येक घाणीला आपापली बाटली असते. शिसारी मला येते ती मातीची. बागकाम या प्रकाराचं लोकांना एवढं कौतुक का असतं हे मला कधी कळलं नाही, आणि हे मी शहरी नखऱ्याने म्हणत नाही. मी वसईच्या वाडीत वाढले आहे.

वसईची वाडी म्हटली की बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर केळी, विड्याच्या पानांचे मांडव, विहीर, सावली असलं काहीतरी येतं. माझ्या नाकात मासळीचं खत येतं. पावसाच्या तोंडावर पप्पा टोपल्यांनी कुजकी मासळी आणून केळीच्या आळ्यांत पुरायचे आणि ते आठवडे आमचं घर, आमचे कपडे, आमचे केस, शाळेचं दप्तर, सगळ्याला तोच वास असायचा. आम्ही पोरं टोपल्या वाहायचो. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाण्याआधी पप्पा माझे हात लिंबाने चोळून द्यायचे, नखांच्या आतसुद्धा. तरी बाकावरची शेजारची मुलगी हळूच सरकून बसायची. मी अभ्यास केला तो त्या वासापासून लांब जाण्यासाठी. माणसाला जाता येईल तितकी लांब गेले.

पप्पांना मात्र त्या घाणीतच सगळं कळायचं. वाडीच्या तोंडाशी उभे राहून ते नाक वर करायचे आणि सांगायचे, तिसऱ्या ओळीत गड्डा सडलाय. गड्डा म्हणजे केळीचा जमिनीखालचा कंद. आम्ही जाऊन उकरायचो तर खरंच सडलेला निघायचा. त्यांच्या राजेळी केळ्यांचं लोंगर बाजारात गेलं की व्यापारी विचारायचे नाहीत कुणाचं आहे. बघूनच ओळखायचे.

मम्मी गेली आणि पप्पा त्या घरात एकटे राहिले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे खाली बसता येत नाही. एके दिवशी विहिरीपाशी पाय घसरून पडले ते दुपारच्या जेवणापासून संध्याकाळपर्यंत तिथेच पडून होते. पंपाची चावी मागायला चुलत भाऊ आला म्हणून सापडले. मला हे दोन-तीन दिवसांनी फोनवर सांगितलं, तेही हसत. मी हसले नाही. मी व्हिसाच्या मागे लागले, सगळी कागदपत्रं केली आणि त्यांना घेऊन आले. कायमचे. निदान माझ्या मनात कायमचे.

ते आले आणि लागलीच हिवाळा सुरू झाला. कानटोपी घालून हिटरसमोर बसायचे. पायात वसईहून आणलेल्या चपला, त्यात जाडे मोजे कोंबलेले. अंगठ्याच्या जागी मोजा चिमटीत धरल्यासारखा दिसायचा. मला ते पाहवायचं नाही. दर शनिवारी मी म्हणायची, "पप्पा, चला, बूट घेऊ." दर शनिवारी त्यांचं एकच उत्तर, "कशाला? थोड्या दिवसांकरता?"

मग ऑगस्ट आला आणि त्याने आपलं ते चार दिवसांचं ऊन पाडलं. पाचव्या दिवसाची वाट न बघता पप्पा कानटोपी काढून स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले.

"बाय, एक केळ लावतो."

आमच्यात मुलीला लाडाने बाय म्हणतात. ते माझ्याशी वसईच्या आमच्या बोलीत बोलतात. सगळ्यांना कळावं म्हणून मी इथे साध्या मराठीत लिहिते आहे.

"पप्पा, इथे केळ होत नाही. फ्रॉस्ट पडतो. पहाटे दव गोठतं, सगळं जळून जातं."

"तिकडे ऑगस्टात लावलेली सगळी केळ जगते."

"तिकडे!"

"लागली तर राहतो," ते म्हणाले. "नाही लागली तर माझं तिकीट काढ. मग वाद नको."

माझा नवरा पुण्याचा. त्याने हे चेष्टेवारी नेलं. "अगं, बोलतात ते. नो वरीज." पण मला माझा बाप ठाऊक आहे. त्यांनी आयुष्यात दोनदा कुठली गोष्ट सांगितलेली नाही, आणि एकदा सांगितलेली मागे घेतलेली नाही. तिकीट म्हणजे ती विहीर, तो गुडघा, आणि पंपाची चावी मागायला कुणी येईल तेव्हा येईल.

म्हणून मी, जिला बागेचं नाव काढलं तरी मळमळतं, ऑनलाइन जाऊन केळ मागवली. खोक्यातून आली. कमरेएवढी, बुटक्या जातीची, प्रवासाने मान टाकलेली. पप्पांनी तिच्याकडे आधी तुच्छतेने पाहिलं, मग पानावरून हात फिरवला, मग मला म्हणाले, "मासळीची डोकी लागतील."

मी सरळ नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी जावयाला गाठलं. हा माणूस मासे खातो ते हॉटेलातले, ज्यांना डोळे नसतात तेवढेच. पण सासऱ्याला नाही म्हणायची त्याला सोय नव्हती. तो मार्केटमधून डोक्यांची पिशवी घेऊन आला, ती गाडीच्या डिकीत सांडली, आणि त्या डिकीला नाताळापर्यंत वास येत होता. आमची मुलगी युनिव्हर्सिटीत जाताना मागच्या सीटवर बसायलाही तयार होईना. "दॅट्स सो ग्रॉस, आजोबा," ती म्हणाली. आजोबांनी मला विचारलं काय म्हणते. मी म्हटलं, तुमचं कौतुक करते आहे.

केळ लावली तेव्हा मी पुढच्या खोलीत दारं लावून बसले होते. जागा पप्पांनी निवडली, खड्डा नवऱ्याने खणला. पप्पा प्लास्टिकच्या स्टुलावर बसून सांगत होते, अजून खोल, अजून खोल. डोकी तळाशी घातली, माती लोटली, केळ ठेवली, खड्ड्यावर क्रूसाची खूण केली. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेला पानाचा छोटा क्रूस त्यांनी भिंतीवरून काढून मातीत खोचला. घराच्या मागच्या बाजूला, जिथे आमचे कचऱ्याचे डबे असतात, तिथे. त्या बाजूला मी जात नाही. डबे नवरा काढतो.

शेजारीण म्हातारी आहे, एकटी राहते, तिच्या बागेत गुलाबांशिवाय काही नाही. ती कुंपणावरून डोकावली. "बनाना? हिअर? ओह डार्लिंग, नाही. नोव्हेंबरात ती घोड्यांची शर्यत होते ना, तिच्याआधी आम्ही टोमॅटोसुद्धा लावत नाही." मी पप्पांना मराठीतून सांगितलं. "हिच्या टोमॅटोचा नि माझ्या केळीचा काय संबंध?" ते म्हणाले, आणि तिच्याकडे बघून गोड हसले. तिला वाटलं तिने मन वळवलं.

दोन दिवसांनी तिच्या कुत्र्याने रात्रीत खड्डा उकरला आणि स्नॅपर माशाचं एक डोकं नेऊन तिच्या पायपुसण्यावर ठेवलं. मी माफी मागायला गेले तेव्हा ते तिथेच होतं, एका डोळ्याने वर बघत, आणि दुसऱ्या डोळ्याच्या जागी काहीतरी वळवळत होतं. मी पिशवीत हात घालून ते उचललं आणि घरी येईपर्यंत श्वास घेतला नाही. पप्पांनी ते डोकं धुऊन पुन्हा पुरलं. धुऊन!

मग हवेने आपले सगळे प्रकार दाखवले. एक दिवस गारा पडल्या, पानांना भोकं पडली. एक दिवस डोंगरावरच्या बर्फावरून वारा आला आणि तीन पानांच्या चिंध्या झाल्या. मध्येच एक दुपार इतकी उबदार की माशा जाग्या झाल्या आणि सगळ्या आमच्या खड्ड्यावर येऊन बसल्या. मॅगपाय पक्ष्यांची अंडी घालायची वेळ, तर पप्पा बाहेर दिसले की त्यांतला एक मेला झेप घेऊन त्यांच्या कानटोपीवर चोच मारायचा. पप्पा हातात काठी घेऊन केळीला भेटायला जायचे. रोज संध्याकाळी तिला माझी जुनी चादर पांघरायचे, रोज सकाळी काढायचे. ती चादर चिखलाने, पक्ष्यांच्या घाणीने आणि गोगलगायींच्या चिकट रेषांनी अशी झाली होती की मी तिच्याकडे बघून आंघोळ करायची.

आणि या सगळ्यात त्या केळीने मधोमध एक पान काढलं. हिरवी गुंडाळी, बोटाएवढी, मग वीतभर. पप्पा त्या दिवशी आत आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच होता. दोन चपात्या जास्त खाल्ल्या. चुलत भावाला फोन लावला आणि इतक्या मोठ्याने ओरडले की वसईला फोनशिवायही ऐकू गेलं असतं. "लागली! इथे! बर्फाच्या देशात!" फोन ठेवून ते आपल्या पायांकडे बघत म्हणाले, "ते बूट कुठे मिळतात म्हणालीस?"

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. शनिवारी जायचं ठरलं.

शुक्रवारी दिवसभर उकडल्यासारखं होतं. संध्याकाळी वारा उठला, मग एकदम पडला, आकाश लख्ख झालं. पप्पांनी चादर नीट बांधली होती. वाऱ्याने ती कधी सोडवून नेली ते कुणाला कळलं नाही. सकाळी ती शेजारणीच्या कुंपणावर पत्र्यासारखी ताठ उभी होती आणि सगळी गल्ली पांढरी झाली होती. गवत पांढरं, गाड्या पांढऱ्या, तिच्या गुलाबांच्या काड्या पांढऱ्या. आमची केळही पांढरी, प्रत्येक पानाच्या कडेला बारीक बर्फाची झालर. दिसायला छान दिसत होती, म्हणून मला तिचा जास्त राग आला.

नऊ वाजता ऊन आलं. समोरचं गवत हिरवं झालं. शेजारणीच्या काड्यांवरून थेंब गळायला लागले. पप्पा स्टुलावर बसून केळीकडे बघत होते आणि केळीवर ऊन येत नव्हतं. दहा वाजले, अकरा वाजले, गल्लीत सगळीकडे लख्ख झालं, फक्त त्या डब्यांच्या कोपऱ्यात घराची थंड सावली आणि पांढरा बर्फ. मी प्रथमच तिथे जाऊन नीट उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं.

"पप्पा, ही जागा का निवडलीत?"

"दक्षिण आहे ना. थंडीत ऊन दक्षिणेचं." ते म्हणाले. "दुसरीकडे कुठे लावणार?"

"इथे ऊन उत्तरेचं असतं, पप्पा. या देशात सूर्य उत्तरेकडून जातो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी अचकट बोलले. मग मान वळवून छपराच्या वर सूर्य शोधला. मग सावलीकडे पाहिलं. पुन्हा वर पाहिलं. उभं आयुष्य ज्या माणसाला ऊन कुठून येतं हे कुणाला विचारावं लागलं नाही, तो माणूस माझ्या कचऱ्याच्या डब्यांपाशी काठी धरून सूर्य शोधत होता. मला त्या क्षणी या देशाची, या गोलार्धाची, त्या मूर्ख सूर्याची सगळ्यांची किळस आली.

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

त्या शनिवारी आम्ही बूट घ्यायला गेलो नाही. विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही.

केळ लगेच मेली नाही. तशी मेली असती तर बरं झालं असतं. आधी पानं काळी पडली आणि उकडलेल्या पालकासारखी लोंबायला लागली. मग बुंधा मऊ पडला. आठवडाभरात त्यातून तपकिरी पाणी झिरपायला लागलं आणि त्याचा वास खालच्या मासळीच्या वासात मिसळून असा काही दर्प सुटला की डबे काढायला गेलेला नवरा नाकाला रुमाल बांधून गेला. शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "इज एव्हरीथिंग ऑलराइट, डार्लिंग?" मी म्हटलं, येस येस, खत आहे.

एका दुपारी पप्पा माझी पावाची सुरी घेऊन निघाले. "कापत जायचं," ते म्हणाले, "पांढरा गाभा दिसला की थांबायचं. मग तिथूनच फुटतो." मी स्टूल नेऊन ठेवलं आणि हातमोजे चढवून मागे उभी राहिले. त्यांनी वरून एक चकती कापली. आत तपकिरी. खाली एक कापली. तपकिरी. चकत्या चिखलात पडत होत्या, पच्च आवाज करत. प्रत्येक चकतीला ते वाकून आत बघायचे आणि मग सुरी आणखी खाली लावायचे. सुरी जमिनीला टेकली तरी पांढरं काही दिसलं नाही.

त्यांनी सुरी मांडीवर ठेवली. पुढचं काम जमिनीखालचं होतं, आणि त्यांचा गुडघा खाली जात नाही.

"हात घाल, बाय. गड्डा दाबून बघ. घट्ट असला तर वसंतात फुटेल. मऊ असला तर झालं." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हातमोज्यातून नाही कळायचं."

मी हातमोजा काढला. चिखलात गुडघे टेकले. पानाचा तो क्रूस कुजून काळा झाला होता, तो बाजूला सारून मी हात खाली घातला. गार, बुळबुळीत, मध्येच मासळीचा एक काटा, मध्येच काहीतरी हललं. मी दात आवळले. मग गड्डा लागला. मी दाबला आणि सडक्या बटाट्यात जावीत तशी माझी बोटं आत गेली, पेरापर्यंत, तळव्यापर्यंत. कुठे म्हणून घट्ट काही नव्हतं. सगळा नुसता लगदा.

मी वर पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचे पाय होते. त्या चपला, ते चिमटलेले मोजे, आता चिखलाने भरलेले. आणि वर पप्पा वाकलेले होते, माझ्या तोंडाकडे बघत.

"घट्ट आहे," मी म्हटलं.

वाडीच्या तोंडाशी उभं राहून तिसऱ्या ओळीतला सडका गड्डा ओळखणारं त्यांचं नाक माझ्यापासून हातभर अंतरावर होतं आणि वासाने तर मलाच भोवळ येत होती.

"नीट दाबलास?"

"नीट दाबला. घट्ट आहे, पप्पा."

"मग माती लोट वरून," ते म्हणाले. "पाणी नको घालू."

मी माती लोटली. ते काठीवर जोर देऊन उठले आणि मला मागच्या दाराच्या नळापाशी घेऊन गेले. घरात लिंबू आहे का, विचारलं. मी कोपराने दार उघडून लिंबू आणलं, त्यांनी पावाच्या सुरीनेच त्याची दोन भकलं केली आणि माझा हात धरून चोळायला लागले. तळवा, मग बोटांच्या मधली जागा, मग एकेक नख. पाणी बर्फासारखं होतं.

"जात नाहीये वास," मी म्हटलं.

"जायचा नाही," ते म्हणाले आणि दुसरं भकल घेतलं. "शनिवारी बूट घ्यायला जाऊ."